ऊन फुकट, मग वीज का नाही?



वर्गात वाचन संपले की आम्ही थोडा वेळ गप्पा मारीत बसतो. कोणी वर्तमानपत्रातला मथळा मोठ्याने वाचतो. त्यावर प्रश्न निघतात. अलीकडे एक प्रश्न बऱ्याच गावांत निघाला. 'ऊन फुकट, वारा फुकट. मग त्यांचीच वीज का करीत नाहीत? अजून कोळसा का जाळतात?' प्रश्न सरळ आहे. उत्तर मात्र लांबचे आहे. त्यात सावकार येतो, रेल्वे येते, निवडणूक येते आणि आपल्या विहिरीवरचा पंपही येतो. आज त्याबद्दल बोलू.

आधी आपल्या घरातला दिवा कशावर जळतो ते पाहू. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, परळी, भुसावळ ही नावे तुम्ही ऐकली असतील. तिथे कोळसा जाळतात, पाण्याची वाफ करतात, वाफेवर चक्र फिरवतात आणि वीज काढतात. यांत चंद्रपूरचे केंद्र मोठे. त्याची ताकद २,९२० मेगावॅट. मेगावॅट म्हणजे किती? एका मेगावॅटवर पाच अश्वशक्तीचे अडीचशेच्या वर पंप एकदम चालतात. आता हिशेब करा. देशात जी वीज तयार होते, तिच्या दर दहा युनिटांतली सुमारे सात युनिटे अजून कोळशाची आहेत.

कोळशाचा त्रास चंद्रपूरच्या माणसाला सांगायला नको. राख, धूर, कपाशीवर बसणारी काळी धूळ. आणि जो धूर डोळ्यांना दिसत नाही तो साऱ्या जगाची हवा तापवतो. पाऊस वेळेवर येत नाही, आला तर एकदम कोसळतो. हे तुम्हीच आम्हाला सांगता. त्यावर जास्त बोलत नाही.

मग काहीच बदलले नाही का? बदलले, पुष्कळ बदलले. २०२५ साली देशात वीज तयार करण्याची जेवढी ताकद उभी होती, तिच्यातली निम्मी ताकद कोळसा-तेलाची नव्हती. ती ऊन, वारा, पाणी आणि अणूची होती. ही बातमी वाचून एका वर्गात कोणी म्हणाले, 'मग निम्मी वीज स्वच्छ झाली की!' तसे नाही. गोठ्यात बैल किती हे एक, आणि नांगरट किती झाली हे दुसरे. कोळशाचा बैल रात्रंदिवस ओढतो. उन्हाचा बैल सकाळी उठतो आणि सूर्य मावळला की बसतो. पावसाळ्यात तर दिवसासुद्धा अंग चोरतो. म्हणून बैल निम्मे असले तरी नांगरट निम्मी होत नाही.

आता किमतीचे बघा. २०१० साली केंद्राच्या वीज नियामक आयोगाने सूर्याच्या विजेला युनिटमागे जवळजवळ १८ रुपये दर धरला होता. तेव्हा कोणी म्हटले असते की सूर्याची वीज श्रीमंताचा शौक आहे, तर ते खरे होते. पण २०१७ साली राजस्थानात भाडला येथे लिलाव झाला. तिथे २ रुपये ४४ पैशांनी ही वीज द्यायला माणसे पुढे आली. सात वर्षांत एवढी घसरण कांद्याशिवाय दुसऱ्या कशाची आम्ही पाहिली नाही! तेव्हा 'सूर्याची वीज महाग' हे कारण आता उरलेले नाही. अडचण दुसरीकडे आहे.

विहिरीचे उदाहरण घ्या. विहीर खणली की पाणी फुकट. पण खणायला, बांधायला, मोटर बसवायला पैसा आधी लागतो. ज्याच्याकडे तो नाही, तो जन्मभर टँकरचे पाणी विकत घेतो. टँकर शेवटी महाग पडतो हे त्याला कळत नाही का? चांगले कळते. पण टँकरला आज थोडेच पैसे लागतात आणि विहिरीला सगळे एकदम लागतात.

सूर्याची वीज ही विहीर आहे. पंचवीस वर्षांचा जवळजवळ सगळा खर्च पहिल्या वर्षी करायचा. कोळशाचे केंद्र बांधायलाही पैसा लागतो, नाही असे नाही. पण त्याचा कोळसा रोजचा रोज घेता येतो, टँकरसारखा. म्हणून सूर्याच्या विजेत उन्हाच्या भावापेक्षा व्याजाचा भाव मोठा ठरतो.

थोडे गणित करू. पाटी घ्या. समजा, एक मेगावॅटचे सूर्य-केंद्र उभारायला ४ कोटी रुपये लागले. सगळे कर्जाने काढले. फेड २० वर्षांत, दरसाल सारखा हप्ता. व्याज शेकडा १० असेल तर वर्षाचा हप्ता येतो सुमारे ४७ लाख. व्याज शेकडा ५ असेल तर हप्ता येतो सुमारे ३२ लाख. त्या केंद्रातून वर्षाला साधारण १७ लाख युनिटे निघतात असे धरा. मग पहिल्या माणसाला हप्त्यापोटी युनिटमागे पावणेतीन रुपये पडले. दुसऱ्याला एक रुपया नव्वद पैशांच्या आत पडले. ऊन तेच, पाट्या त्याच, तारा त्याच. फरक सावकाराचा.

श्रीमंत देशांत असे कर्ज कमी व्याजाने मिळते. आपल्याकडे महाग मिळते. आफ्रिकेतल्या पुष्कळ देशांत तर याहूनही महाग. म्हणजे जिथे ऊन जास्त तिथेच पैसा महाग.

आता सावकार व्याज कधी वाढवतो? पैसे बुडतील अशी भीती वाटली की वाढवतो. ही भीती उगाच नसते. आंध्र प्रदेशात २०१९ साली नवे सरकार आले. आधीच्या सरकारने वारा आणि ऊन यांच्या विजेचे पंचवीस-पंचवीस वर्षांचे करार केले होते. नवे सरकार म्हणाले, हे दर फार आहेत, कमी करा. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. जुने दर जुन्या महागाईचे होते आणि नवी वीज स्वस्त झाली होती. भार शेवटी लोकांवरच पडत होता. पण ज्यांनी त्या करारावर कर्ज काढले होते त्यांचे पैसे अडकले. प्रकरण हायकोर्टात गेले. मार्च २०२२ मध्ये कोर्टाने सांगितले, करारात लिहिला आहे तो दर द्या. निकाल लागेपर्यंत तीन वर्षे गेली होती. अशी एक गोष्ट झाली की देशभरातले सावकार ती लक्षात ठेवतात आणि पुढच्या माणसाच्या व्याजात धरतात.

वीज विकत घेणाऱ्या कंपन्या पैसे उशिरा देतात, हीही जुनी तक्रार आहे. साताऱ्याच्या पठारावर पवनचक्क्या तुम्ही पाहिल्या असतील. वारा वेळेवर येतो, बिल वेळेवर मिळत नाही, असे तिथले पवनचक्कीवाले वर्षानुवर्षे म्हणत आले. केंद्र सरकारने २०२२ मध्ये नियम केला की थकलेले पैसे हप्त्याने फेडा, नाहीतर बाहेरून वीज घेता येणार नाही. त्याने बरीच थकबाकी उतरली.

बाहेरच्या देशांचेही एक वचन आहे. २००९ साली कोपनहेगन येथे जगातले देश जमले होते. हवेत सर्वांत जास्त धूर सोडून जे देश श्रीमंत झाले, त्यांनी तेव्हा सांगितले की २०२० पर्यंत आम्ही गरीब देशांसाठी दरसाल १०,००० कोटी डॉलर उभे करू. ते वचन २०२२ मध्ये, म्हणजे दोन वर्षे उशिरा, पुरे झाले. त्यातही मोठा भाग कर्जाचा होता. देणगी म्हणून बोलावले आणि खतावणीत नाव लिहून घेतले, असाच हा प्रकार. २०२४ साली बाकू येथे नवा आकडा ठरला. २०३५ पर्यंत दरसाल ३०,००० कोटी डॉलर. हे पुरणार नाही, असे आपल्या देशाच्या प्रतिनिधीने भर सभेत सांगितले.

पण सगळा दोष परक्यांवर ढकलून चालणार नाही. आपल्या घरातले एक उदाहरण सांगतो. २०१० साली केंद्र सरकारने कोळशावर टनामागे ५० रुपये जादा कर बसवला. २०१६ पर्यंत तो ४०० रुपये झाला. कर कशासाठी? स्वच्छ विजेच्या निधीसाठी. फार चांगली कल्पना होती ती. कोळशाचा पैसा घ्यायचा आणि त्यावर सूर्याची वीज उभी करायची. पण त्या निधीतला पुष्कळ पैसा खर्चच झाला नाही. २०१७ साली जीएसटी आला. राज्यांचे उत्पन्न बुडेल म्हणून त्यांना भरपाई द्यायची होती. कोळशावरचा हा कर मग त्या भरपाईकडे वळवला. गावाने विहिरीसाठी वर्गणी काढावी आणि ती पंचायतीच्या जुन्या देण्यात वळती व्हावी, तसे झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये तो कर गेला आणि कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के केला.

सरकारे असे का करतात? कारण कोळशावर पुष्कळांची चूल पेटते. झारखंड, ओडिशा, छत्तीसगड या राज्यांना कोळशाच्या स्वामित्वधनातून मोठे उत्पन्न मिळते. त्यावर त्यांच्या शाळा आणि दवाखाने चालतात. सरकारी कोळसा कंपनीत दोन लाखांवर माणसे नोकरीला आहेत. ठेकेदाराकडची वेगळी, ट्रक चालवणारी वेगळी, खाणीच्या दारात चहा विकणारी वेगळी. आपल्याकडे चंद्रपूर आणि वणीच्या बाजूला गावेच्या गावे खाणीवर उभी आहेत. आणि रेल्वेचे काय? रेल्वे कोळशाच्या वाघिणींवर चांगले भाडे घेते. त्या कमाईतून आपले पॅसेंजरचे तिकीट स्वस्त ठेवते. पंढरीला जाणारा वारकरी स्वस्तात जातो, त्यात कोळशाचा थोडा वाटा आहे! म्हणून कोणत्याही पक्षाचा पुढारी खाणीच्या गावात उभा राहून 'उद्यापासून खाण बंद' असे म्हणत नाही. म्हणेल तरी कसा? आधी दुसरे काम दाखवा, मग खाण बंद करा, असे तिथला मजूर म्हणतो. आम्हाला ते रास्त वाटते.

पाट्यांचीही एक ओढाताण आहे. सूर्याच्या पाट्या चीनमध्ये सर्वांत स्वस्त होतात. आपले कारखाने उभे राहावेत म्हणून सरकारने एप्रिल २०२२ पासून बाहेरच्या पाट्यांवर शेकडा ४० जकात बसवली. कारखाना आपला हवा की पाटी स्वस्त हवी? दोन्ही एकदम मिळत नाही.

आता आपल्या विहिरीवर येऊ. इथे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त कळते.

शेतीच्या पंपाला वीज स्वस्त द्यायची, असे महाराष्ट्रात फार वर्षांपासून चालत आले. त्याची तूट कोण भरतो? काही सरकार भरते. काही कारखानदार आणि दुकानदार भरतात. त्यांच्या युनिटचा दर मुद्दाम चढा ठेवलेला असतो. तरी तूट राहते आणि शेतीपंपांची थकबाकी हजारो कोटींत गेली आहे. २००४ साली निवडणुकीच्या तोंडावर शेतीची वीज फुकट जाहीर झाली. २००५ मध्ये ती परत घेतली. २०२४ साली पुन्हा साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना, मार्च २०२९ पर्यंत, वीज माफ केली. बिल माफ झाले म्हणजे खर्च नाहीसा झाला असे नाही. ते बिल सरकारी तिजोरीतून महावितरणला, म्हणजे ज्याला आपण अजून 'बोर्ड' म्हणतो त्याला, द्यायचे असते.

यात नवी गुंतागुंत अशी की कारखानदार हुशार झाला. बोर्डाची वीज महाग म्हणून त्याने स्वतःच्या छपरावर सूर्याच्या पाट्या टाकल्या. तो स्वच्छ विजेवर गेला, चांगलेच झाले. पण जादा दर देणारे गिऱ्हाईक बोर्डाच्या हातून गेले. तूट भरणारा उठून गेला आणि तूट मात्र तिथेच बसली. म्हणून वीज कंपन्या छपरावरच्या पाट्यांना मनापासून 'या' म्हणत नाहीत. कधी परवानगीला वेळ लागतो, कधी नियम बदलतात. वरून पाहिले तर हा आळस वाटतो. आत पाहिले तर जमाखर्च असतो.

मग यातून वाट काय काढली? महाराष्ट्राने २०१७ पासून एक वाट धरली, २०२३ पासून ती मोठी केली. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना असे तिचे नाव. गावाजवळच्या उपकेंद्राशेजारी सूर्य-केंद्र उभारायचे आणि शेतीपंपांच्या तारेला त्यातून दिवसा वीज द्यायची. ही वीज युनिटमागे सुमारे ३ रुपयांना पडते. कोळशाची वीज लांबून आणून पंपाला देण्यापेक्षा ती पुष्कळ स्वस्त. बोर्डाची तूट कमी होते. आणि तुमचा फायदा? रात्रीची पाळी जाते. आज काही दिवस दिवसा वीज येते, काही दिवस रात्री. रात्री बारा वाजता बॅटरी घेऊन दारं मोडायला जाताना पायाखाली साप असतो आणि उसात बिबट्या. ज्या घरातला माणूस असा गेला आहे, त्या घराला दिवसाच्या विजेची किंमत रुपयांत सांगायला लागत नाही.

दुसरी वाट स्वतंत्र सौर पंपाची. २०२४ च्या योजनेत शेतकऱ्याने किमतीच्या शेकडा १० भरायचे, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने शेकडा ५. बाकीचे सरकार घालते. यात विहिरीला आणि बोअरला जपून पाहा. पाणी फार खोल असेल तर लहान पंप पुरत नाही. ढगाळ दिवशी धार बारीक होते. पंप बिघडला तर दुरुस्ती कोणी आणि किती दिवसांत करायची, हे कागदावर लिहिलेले असते. ते वाचून मग सही करा. तुम्हाला आता वाचता येते. आणखी एक. ऊन फुकट म्हणून पंप दिवसभर चालू ठेवला तर शेजाऱ्याची विहीर आटते. त्याला कोणताही सूर्य उपाय करणार नाही.

जमिनीची गोष्ट नाजूक आहे. एका मेगावॅटला चार-पाच एकर जागा लागते. खासगी जमीन भाड्याने दिली तर योजनेत हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये भाडे ठरवले आहे आणि दरसाल त्यात शेकडा ३ वाढ. ज्याची जमीन खडकाळ आहे, त्याला हे वरदान वाटेल. पण पुष्कळ ठिकाणी सरकारी जागा, म्हणजे गायरान, यासाठी घेतले जाते. ग्रामपंचायतीला त्याबद्दल वर्षाला ५ लाख रुपये, तीन वर्षे, मिळायचे आहेत. आता विचार करा. गायरानावर शेळ्या चारणाऱ्या बाईच्या नावावर सातबारा नाही. तिला भाडे मिळणार नाही. पंचायतीला तीन वर्षे पैसे मिळतील, पाट्या मात्र पंचवीस वर्षे राहतील. काही गावांनी यावरून विरोध केला. त्यांना स्वच्छ विजेचे वैरी म्हणणे बरोबर नाही.

कोयनेची आठवण इथे ठेवावी लागते. १९६२ साली कोयनेची वीज सुरू झाली. तीही धूर नसलेली वीज. तिने मुंबई-पुण्याचे कारखाने चालवले. पण धरणाखाली ज्यांची गावे गेली त्यांतले कितीतरी जण साठ वर्षे जमिनीच्या कागदासाठी हेलपाटे घालीत राहिले. वीज स्वच्छ असली तरी व्यवहार स्वच्छ ठेवावा लागतो, तो आपोआप होत नाही. ग्रामसभेत गायरानाचा ठराव आला तर विचारा: किती एकर? किती वर्षे? चराई कुठे उरणार? पाण्याची वाट मोकळी राहणार का? उत्तर कागदावर मागा.

रात्रीच्या दिव्याचे काय, असे तुम्ही विचाराल. दिवसाचे ऊन रात्रीसाठी साठवायचे तर मोठ्या बॅटऱ्या लागतात किंवा पाणी डोंगरावर चढवावे लागते. अकोले तालुक्यात घाटघर येथे असे केंद्र आहे, २५० मेगावॅटचे. वीज जास्त असली की खालच्या तळ्यातले पाणी पंपाने वर चढवतात. वीज कमी पडली की तेच पाणी खाली सोडून चक्र फिरवतात. सह्याद्रीत अशा जागा आणखी आहेत आणि त्यांची बोलणीही चालू आहेत. पण तीही विहीरच. पैसा आधी, पाणी मागाहून. आणि डोंगरात राहणाऱ्या माणसांना आधी विचारायचे, हेही आलेच.

कोळशाचा भाव तुमच्या घरात कुठून शिरतो, ते तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येईल. घरच्या वीजबिलावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार अशा ओळी असतात. त्यांत एक ओळ 'इंधन समायोजन आकार' अशी असते. कोळसा किंवा बाहेरची वीज महाग पडली की तिथला आकडा वाढतो. स्वस्त पडली तर तो शून्य होतो किंवा उणेही होतो. ही ओळ पुष्कळ घरांत कोणी वाचत नाही, बिलाची शेवटची रक्कम तेवढी पाहतात. पुढच्या गुरुवारी वर्गाला येताना प्रत्येकाने घरची दोन बिले आणावीत, एक उन्हाळ्याचे आणि एक थंडीचे. ज्यांच्याकडे शेतीपंपाचे बिल आहे त्यांनी तेही आणावे, माफ झालेले असले तरी. ओळ ओळ वाचू, बेरीज वजाबाकी करू आणि ज्याच्या बिलात चूक निघेल त्याचा अर्ज तिथेच बसून लिहू.